कावळ्यासमोर ठरलेलं मैदान

ठाणे स्टेशनपासून शहाडच्या पुलापर्यंत मोकळ्या जमिनीचा एकही तुकडा असा उरलेला नाही, ज्यावर माझ्या बहिणीच्या सासूबाईंनी मनातल्या मनात बेसबॉलचं स्टेडियम बांधलेलं नाही. कोपरीला खाडीच्या बाजूला त्यांचं एक आहे, कळव्याला दोन आहेत, आणि डोंबिवलीत तर त्या राहतातच, त्यामुळे तिथे मोजदाद नाही. यातली बरीचशी स्टेडियमं पुढे त्यांना पाडावी लागली, कारण त्या जागी खरोखरच्या इमारती उभ्या राहिल्या. अशी एखादी नवी इमारत रिक्षातून दिसली की काकू मान दुसरीकडे वळवतात आणि हळूच म्हणतात, "इथे माझी गॅलरी होती." रिक्षावाला आरशातून त्यांच्याकडे बघतो. बाईंचं राहतं घर बिल्डरच्या घशात गेलेलं दिसतंय अशी त्याची समजूत होते, आणि पुढचा सगळा रस्ता तो खड्डे चुकवत, जपून रिक्षा चालवतो. मी शेजारी बसून हा प्रकार इतक्यांदा पाहिलाय की आता मीही चेहरा सुतकी करून बसतो.

काकूंची आणि माझी ओळख बहिणीच्या लग्नाच्या याद्या करताना झाली. मुलाकडची मंडळी डोंबिवलीहून आमच्या नौपाड्यातल्या घरी आलेली. मानपानाचं काय निघतंय या धास्तीने आमच्या बाबांनी सकाळपासून पाणीसुद्धा धड प्यायलेलं नव्हतं. मुलाची आई म्हणजे या काकू. शाळेत पी.टी.च्या बाई म्हणून निवृत्त झालेल्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीने शिट्टी. सगळा वेळ गप्प बसलेल्या. न राहवून बाबांनी विचारलं, "विहीणबाई, तुमची काही अपेक्षा असेल तर आत्ताच मोकळेपणाने सांगा." काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा नकाशे काढतो म्हणे?" मी तेव्हा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो, अजूनही आहे. बाबा म्हणाले, "काढतो की." "मग मला याच्याकडून बेसबॉलचं एक मैदान काढून हवंय. बाकी तुमच्याकडचं काही नको." बाबांनी एवढा मोठा श्वास सोडला की समोरचा कागद हलला. कुंकू लावलेल्या त्या यादीच्याच पाठीमागे मी मैदान काढून दिलं. सासू अशी मिळाली म्हणून आई महिनाभर सगळ्यांना सांगत होती. माझा कोणी विचारच केला नाही. त्या गोष्टीला बारा वर्षं झाली, आणि मी अजून तेच मैदान काढतोय.

बेसबॉल म्हणजे काय हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. काकूंनी ते मला आमच्याच हॉलमध्ये चार उशा मांडून समजावलं. चौकोनाच्या एका कोपऱ्यात उभं राहून फटका मारायचा, आणि चारही कोपरे पळून परत पहिल्या कोपऱ्यात घरी यायचं. बॉल मात्र त्या पहिल्या कोपऱ्यातून पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या जागेतच जायला हवा. एका कोपऱ्यापासून दुसरा नव्वद फूट. काकूंचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं, म्हणजे छत्तीस पावलं. हा छत्तीसचा आकडा त्यांच्या अंगात इतका भिनलाय की त्या कुठेही गेल्या तरी आधी पावलं मोजतात. माझ्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वरमाय स्टेजवरून नाहीशी झालेली. शोधाशोध केल्यावर हॉलच्या शेवटच्या टोकाला भिंतीला हात टेकून उभ्या असलेल्या सापडल्या. "तेवीस," त्या खिन्नपणे म्हणाल्या, आणि अक्षता टाकायला परत आल्या.

देवधर्माचं त्यांना वावडं नाही, पण तोही त्यांनी सोयीने वळवून घेतलाय. बेसबॉलच्या बॉलवर लाल दोऱ्याचे एकशे आठ टाके असतात. हे कळल्या दिवसापासून काकूंनी जपमाळ खुंटीला टांगली आणि बॉल हातात घेतला. रोज संध्याकाळी देवापुढे बसून अंगठ्याने एकेक टाका सरकवत त्यांचा जप चालतो. एका संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून त्यांनी जुने, वापरून झालेले बॉल वाटले. सोबत प्रत्येकीला सांगितलं, "एकशे आठ आहेत, मोजून बघा. आणि मैदानासाठी काय जमेल ते द्या." मैदानाच्या निधीची ही त्यांची पहिली मोहीम. बायकांनी टाके मोजले, ते भरले, आणि निधीचं मात्र "ह्यांना विचारून सांगते" यावर राहिलं. डोंबिवली पूर्वेला निदान दहा घरांत तो बॉल आजही आखडलेल्या खांद्याखाली घालून लोळायला वापरतात आणि काकूंना दुवा देतात. "निधी नाही तर नाही," काकू म्हणतात, "खेळ घरात तरी शिरला."

हे सगळं वाचून तुम्हाला बाई विक्षिप्त वाटेल. आहेच. पण त्यांचं दुखणं खरं होतं, आणि ते मला त्यांच्या शाळेत गेल्यावर समजलं. शाळेला मैदान एकच, आणि ते मुलग्यांच्या क्रिकेटचं. मुलींना पाण्याच्या टाकीमागची पट्टी. एकतीस वर्षं काकूंनी त्या पट्टीत मुलींना बेसबॉल शिकवला. अधूनमधून मोठं मैदान रिकामं दिसलं की मुलींना घेऊन तिथे पळायच्या. पंधरा मिनिटं होतात न होतात तोच कोणीतरी येऊन म्हणायचं, "बाई, जरा मैदान मोकळं करा, मॅच आहे." निवृत्त झाल्यावरही शाळेने त्यांना रविवारी सकाळी ती पट्टी वापरू दिली. तिथे अकरा मुलींचा संघ उभा राहिला. खेळायला नऊ लागतात, म्हणजे दोघींना ताप आला तरी चालणारा संघ. मग शाळेची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, आणि मे महिन्यापासून ती पट्टीही बंद होणार असं काकूंना कळवण्यात आलं. मुलींच्या आया आधीच कुरकुरत होत्या. मैदान गेलं की संघ गेला, आणि एकदा पांगलेल्या मुली परत येत नाहीत, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात फोन केला आणि नेहमीच्या हुकमी आवाजात नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "दादा, आता खरंच जागा बघायला हवी रे."

मग कमिटी झाली. काकू अध्यक्ष. मी चिटणीस, कारण माझ्या खिशात पेन्सिल असते. तिसरे नौपाड्यातले एक दातांचे डॉक्टर, ज्यांची मुलगी संघात बॉल टाकायची आणि झकास टाकायची. चौथे काकूंचे थोरले दीर, कल्याणचे भाऊजी. बेसबॉल नक्की कशाशी खातात हे भाऊजींना अखेरपर्यंत कळलं नाही, पण तो कल्याणलाच झाला पाहिजे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. डॉक्टरांचं म्हणणं, ठाण्यात मैदान असेल तरच पैसेवाले येतील. भाऊजींचं म्हणणं, ठाण्याला सगळं मिळतं, तलाव मिळाले, नाट्यगृह मिळालं, आता बेसबॉल तरी आम्हाला राहू द्या. काकूंचा डोंबिवलीचा हट्ट, कारण बहुतेक मुली तिथल्या. दर शनिवारी संध्याकाळी ही सभा आळीपाळीने तिघांच्या घरी भरायची, आणि ज्याच्या घरी सभा त्याच्या गावाकडे चर्चा झुकायची. डोंबिवलीला काकूंच्या हातच्या अळूवड्या खाऊन डॉक्टर विरघळायचे, पण पुढच्या आठवड्यात ठाण्याला परतले की पुन्हा घट्ट व्हायचे. एका नगरसेवकांना भेटलो. ते भले गृहस्थ, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, निधी बघू आपण. फक्त मधे एक क्रिकेटचं पिच टाकू." काकूंनी नमस्कार केला आणि उठल्या. मी इतिवृत्तात लिहिलं, 'चर्चा झाली.' माझ्या वहीत हे वाक्य सलग सतरा वेळा आहे.

या भांडणातच भाऊजी गेले. रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. दहाव्याला आम्ही सगळे कल्याणला लागूनच असलेल्या शहाडजवळ उल्हास नदीच्या घाटावर जमलो. पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. कठड्यावर बसून तो पिसं साफ करत होता. मुलाने हात जोडून सांगितलं, "बाबा, आईला सांभाळेन." कावळा ढिम्म. सुनेने सांगितलं, तुमचा जुना रेडिओ विकणार नाही. मुलीने गुलाबजाम आणून ठेवला. तासभर झाला. गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले आणि दर्भाचा कावळा करण्याची तयारी सुरू झाली. काकू या सगळ्यात कुठेच नव्हत्या. मी वळून पाहिलं तर त्या पलीकडच्या मोकळ्या जागेत पावलं मोजत होत्या. कोणीतरी त्यांना हाक मारली. त्या आल्या, पिंडांसमोर उभ्या राहिल्या, त्यांचे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, "भाऊजी, मैदान कल्याणकडेच होईल. डोंबिवलीचं मी सोडलं." कावळा उतरला आणि त्याने थेट भातात चोच घातली. भाऊजींची मुलगी हुंदके द्यायला लागली. तेवढ्यात पांढरा शर्ट घालून आलेले डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "हे सभेत न मांडता ठरलं." मी शनिवारी वहीत नोंद केली. ठराव, मैदान कल्याणकडे. सूचक, अध्यक्ष. अनुमोदक कोण लिहायचं याचा बराच विचार केला आणि शेवटी खरं होतं तेच लिहिलं, कावळा.

आणि नेमकं तीन आठवड्यांनी घोडं गंगेत न्हायची वेळ आली. डॉक्टरांच्या ओळखीचा एक बिल्डर डोंबिवलीकडे मोठं संकुल बांधत होता. त्याला मैदानाची कल्पना पसंत पडली. खर्च सगळा त्याचा, हिरवं गवत, जाळी, दिवे, मुलींना फुकट. अट एकच, मैदान होणार सहाव्या मजल्यावर, पार्किंगच्या छतावर. आम्ही बघायला गेलो. काकू एका कोपऱ्यातून निघाल्या आणि एकतिसाव्या पावलाला कुंडीला धडकल्या. डॉक्टर म्हणाले, "काकू, पाच पावलांनी काय होतंय? मुली लहान आहेत." "मोठ्या होणार आहेत ना?" काकू म्हणाल्या. मग बिल्डरकडे वळून त्यांनी सांगितलं की माफ करा, पावलं भरत नाहीत, शिवाय मी कल्याणचा शब्द देऊन बसले आहे. त्याने नम्रपणे विचारलं, "कोणाला?" काकूंनी त्याला खरं ते सांगितलं. बिल्डरने लिफ्टचं बटण आपणहून दाबलं. डॉक्टर तिथल्या तिथे कमिटीतून बाहेर पडले आणि मुलीचंही नाव काढून घेतलं. त्या दिवशी माझंही डोकं फिरलं, लपवण्यात अर्थ नाही. लिफ्टमध्ये मी काकूंवर ओरडलो. "काकू, अकरा मुली उद्या रस्त्यावर येतील. तो कावळा भुकेला होता, बाकी काही नाही." काकू म्हणाल्या, "असेल. पण मी शुद्धीत होते." त्यानंतर आठ दिवस मी त्यांचा फोन उचलला नाही. बहिणीने मला झापलं तेव्हा कळलं की काकू रोज एकट्याच शहाडकडे जातात आणि उन्हात पावलं मोजत हिंडतात.

तिथल्या लोकांना पावलं मोजणारा माणूस दिसला की ते हातातलं काम टाकून बघत उभे राहतात. पिढ्यान्‌पिढ्या भातशेती केलेली ही माणसं. आधी कारखाने आले, मग रस्ते आले, आणि प्रत्येक वेळी सुरुवात अशीच झाली, कोणीतरी येऊन मोजणी केली. एका म्हाताऱ्या जमीनमालकाने काकूंना सलग तीन दिवस पाहिलं आणि त्याला वाटलं की नव्या रस्त्यासाठी सरकारने आता बायका पाठवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी त्याने त्यांना अंगणात बोलावलं, चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "कोन्चा रस्ता गो बाय?" काकूंनी रस्ता नाही, मैदान असं सांगितलं. मग भाऊजी, कावळा, सहावा मजला, अकरा मुली, सगळंच सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "माजी जमीन रस्त्यानं न् नाल्यानं खाल्ली. एक तिकोना ऱ्हायलाय. त्यावर ना घर होत, ना कोनी इकत घेत. वास्तुवाला बोलला, असे जागेवर वंस टिकत नाय." काकूंनी तो तिकोना बघायला मागितला.

दुपारी मला फोन आला. आठ दिवसांचा राग मी मोठ्या मिनतवारीने टिकवला होता, पण काकूंचा आवाज ऐकून तो गेला. "दादा, टेप घेऊन ये. आणि दोरी. काटकोन तपासायचाय." अर्धा दिवस रजा टाकून गेलो. एका बाजूला रस्त्याची भिंत, दुसऱ्या बाजूला नाला, दोन्ही एका कोपऱ्यात भेटलेले आणि तिथून पुढे जमीन पंख्यासारखी उघडत गेलेली. बारा वर्षं मी जे कागदावर काढत होतो ते माझ्यासमोर गवत आणि प्लास्टिकच्या पिशव्या अंगावर घेऊन पडलेलं होतं. बांधायच्या दृष्टीने कुचकामी, क्रिकेटला बिनकामाचं, आणि बेसबॉलला अगदी जसंच्या तसं. मी खिळे ठोकले, एका बाजूला तीस फूट, दुसऱ्या बाजूला चाळीस, आणि काटकोन असेल तर तिरकी दोरी पन्नास भरायला हवी. चार बोटांचा फरक आला. काकू म्हणाल्या, "चार बोटं मी चालवून घेईन." मग कोपऱ्याला पाठ लावून त्या निघाल्या. गुडघे दुखत होते, दिसत होतं, पण मी मधे पडलो नाही. एका बाजूला छत्तीस झाली. परत येऊन दुसऱ्या बाजूलाही छत्तीस झाली. छत्तिसाव्या पावलावर त्या थांबल्या, आणि समोर अजून जमीन होती.

म्हाताऱ्याच्या दोन अटी निघाल्या. "लगीनसराईत गावाच्या हलदीचा मांडव हितंच पडल." काकू म्हणाल्या, "पडू दे, फक्त उजवीकडे घाला. तिकडे आमचा बॉल कमी जातो." दुसरी अट, त्याची बारा वर्षांची नात संघात घ्यायची. काकूंनी पोरीचे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "रविवारी सातला पाठवा. सातला म्हणजे पावणेसातला." मी ऑफिसातला माणूस, माझा जीव कागदात अडकलेला. मी विचारलं, "आजोबा, लिहून द्याल का?" म्हातारा दुखावला. "लिवून कशाला? या बायनं कावल्याला शबूद दिला तो पालला. मी बायला देतंव." त्याच्या मुलाने पुढच्या महिन्यात साध्या कागदावर का होईना दोन ओळी लिहून दिल्या, तेव्हा मला झोप लागली. जमीन सपाट करायला त्यानेच आपला जेसीबी पाठवला. गॅलरी नाही, छप्पर नाही, दिवे नाहीत. निधीची चर्चा चालू आहे, वहीत तसं लिहितोय. पण ते होईल असं मला वाटतं, आणि मी सहसा असं म्हणणारा माणूस नाही.

पहिल्या रविवारी मी पहाटेच जाऊन फक्कीच्या रेघा मारल्या. मुली आल्या, म्हाताऱ्याची नात धरून अकरा. डॉक्टर मुलीला घेऊन आले आणि म्हणाले, आज नुसतं बघायला आलोय. दहा मिनिटांत मुलगी बॉल टाकत होती आणि डॉक्टर नाल्यात गेलेला बॉल पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काढत होते. म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. नातीने पहिला फटका मारला आणि ती चुकीच्या दिशेला पळत सुटली, तरी त्याने टाळ्या वाजवल्या. दहाच्या सुमारास खेळ संपला आणि सगळ्या मुली त्याच्या अंगणात पोहे खायला गेल्या.

काकू मागेच राहिल्या होत्या. मी बोलवायला गेलो तर भिंत आणि नाला भेटतात त्या कोपऱ्यात काकू मातीत बसलेल्या. डॉक्टरांनी, म्हणजे गुडघ्यांच्या डॉक्टरांनी, त्यांना जमिनीवर बसायची सक्त मनाई केलीय. मी म्हणालो, "काकू, चला, ऊन वाढतंय." त्या म्हणाल्या, "थांब रे जरा. इतकी वर्षं मैदानावर काढली, पण मैदानात अशी बसले नाही कधी. कोणीतरी यायचंच आणि उठायला लागायचं." मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "कोणी येत नाहीये ना?"

"नाही, काकू."

"नीट बघ."

मी नीट पाहिलं. भिंतीपलीकडच्या रस्त्यावर पाहिलं, नाल्याच्या बाजूला पाहिलं, समोर जमीन संपते तिथपर्यंत पाहिलं आणि परत येऊन सांगितलं, "कोणीही येत नाहीये." तेव्हा कुठे त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पाय लांब केले.